जैवतंत्र उद्योगवसाहत आणि व्यापाऱ्याचे भांडवल

अलीकडे वृत्तपत्रांतून जैवतंत्र उद्योगवसाहतींविषयी वारंवार वाचावयास मिळते. सरकार जमीन देते, सवलती देते, असे ऐकून व्यापारी घराण्यांतील तरुण मंडळींच्या मनात तेथे भांडवल घालण्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. म्हणून अशी वसाहत म्हणजे काय, तीत सरकारचा हात कोठवर पोचतो आणि आपली जबाबदारी कोठून सुरू होते, याचे थोडक्यात विवेचन करण्याचे आम्ही योजिले आहे.

दुधास विरजण लावले की रात्रीतून दही होते. काम करतात ते सूक्ष्म जंतू. आपण त्यांना ऊब आणि खाद्य पुरवितो. जैवतंत्र उद्योगाचे मूळ हेच होय. तेथे विरजणाच्या जागी निवडून सिद्ध केलेले जंतू, यीस्ट किंवा पेशी असतात आणि पातेल्याच्या जागी पोलादाची बंद पात्रे. लशी, प्रतिजैविके, इन्सुलिन असा माल त्यांतून निघतो. पूर्वी इन्सुलिन गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत असत. १९८२ साली अमेरिकेत जंतूंकडून तयार करविलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली, आणि मधुमेहाच्या औषधाचा कत्तलखान्याशी असलेला संबंध सुटू लागला. अहिंसेचा विचार करणाऱ्या कुटुंबांस या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

इंदूरला हा विषय परका नाही. १९२४ साली येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली, तेव्हा होळकर दरबाराने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली. तेथेच अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा व शेण यांपासून जंतूंकरवी खत करण्याची रीत बसविली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते.

आता वसाहतीचा उपयोग काय ते पाहू. अखंड वीज, शुद्ध पाणी, शीतगृह, तपासणीची प्रयोगशाळा आणि सांडपाणी निर्जंतुक करण्याची व्यवस्था एकट्या लहान कारखानदाराने उभारावयाची म्हटल्यास त्याचे निम्मे भांडवल माल निघण्याआधीच संपावयाचे. या सोयी सामाईक असल्या म्हणजे खर्च वाटला जातो. सरकारी मदतीचा खरा लाभ स्वस्त जमिनीपेक्षा यात अधिक आहे. आपल्या शेजारी, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे २००३ साली विशेष आर्थिक क्षेत्र सुरू झाले आणि त्यात औषधांचे अनेक कारखाने आले. परंतु तयार रसायनाच्या गोळ्या पाडणे निराळे आणि जिवंत पेशींकडून माल काढणे निराळे. दुसऱ्या कामात एका पात्रात परका जंतू शिरला तर सबंध घाणा टाकून द्यावा लागतो. शिवाय जनुकीय फेरबदल केलेले जीव वापरावयाचे असल्यास १९८९ च्या नियमांनुसार स्वतःची जैवसुरक्षा समिती नेमावी लागते.

सरकारी हात कोठे थांबतो, हे दोन उदाहरणांवरून दिसेल. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. देशाला पेनिसिलिन देण्याचे मोठे कार्य त्याने केले. परंतु शतकाच्या अखेरीस तो तोट्यात गेला, आणि चीनच्या स्वस्त मालापुढे पेनिसिलिनचे देशी उत्पादनच बंद पडले. दुसरे उदाहरण हिंजवडीचे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सहभागाने तेथे जैवतंत्र उद्यान उभे राहिले. तेथील एका कंपनीच्या कोविडवरील एमआरएनए लशीस जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. तोवर देशातील बहुसंख्य प्रौढांना इतर लशी टोचून झाल्या होत्या. सोयी होत्या, विद्याही होती. बाजाराची वेळ मात्र टळली होती.

याउलट आपल्याच देवगुराडिया येथील बायो-सीएनजी प्रकल्प पाहावा. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा जंतूंकरवी कुजवून सुमारे १७,००० किलो वायू काढण्याची त्याची योजना. १५० कोटींचे भांडवल खाजगी कंपनीचे. महानगरपालिकेने कचरा पुरवावा आणि किमान निम्मा वायू शहरबसगाड्यांसाठी विकत घ्यावा, असे ठरले. म्हणजे कच्चा माल आणि गिऱ्हाईक ही दोन्ही पहिल्या दिवसापासून बांधलेली. आमच्या मते कोणत्याही सवलतीपेक्षा अशा कराराचे वजन अधिक आहे.

तेव्हा भांडवल घालण्यापूर्वी सभासदांनी काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. सामाईक सोयी आज चालू आहेत, की केवळ नकाशावर आहेत? माल घेणार कोण, कोणत्या भावाने आणि किती वर्षे? परकी माल निम्म्या किमतीत आला तर कारखाना किती दिवस तग धरील? परवाने मिळेपर्यंत व्याज कोठून भरावयाचे? आपल्या पेढ्यांचे भांडवल दिवाळी ते दिवाळी फिरणारे असते. या धंद्यात ते अनेक वर्षे अडकून राहते. म्हणून कर्जाचे किंवा मुलांच्या शिक्षणाचे पैसे यात घालू नयेत. जे दीर्घकाळ बाजूस ठेवता येईल तेवढेच घालावे, आणि घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी ही विद्या शिकून तयार असेल तर अधिक बरे. एवढी खात्री झाल्यावर जो पुढे पाऊल टाकील, त्यास आमच्या हार्दिक शुभेच्छा आहेत.