चित्र तुमचं, हक्क कुणाचा?

दोस्तांनो, एक कोडं घालू? समजा, तुम्ही डहाणू तालुक्यातल्या गंजाडला गेलात आणि कलाकाराकडून पैसे मोजून एक वारली चित्र घेतलंत. आता ते कुणाचं?

‘आमचंच की!’ बरोबर. भिंतीवर लावा, मावशीला भेट द्या, नाहीतर विकून टाका. पण त्याचा फोटो टी-शर्टांवर छापून ते विकायला काढले तर? थांबा! तो हक्क तुम्ही घेतलेलाच नाही.

गंमत अशी, की चित्रात दोन गोष्टी असतात. एक हाताला लागणारा कागद. दुसरा, डोळ्यांना न दिसणारा नकला काढण्याचा हक्क, म्हणजेच कॉपीराइट. कागद तुमच्याकडे आला तरी हक्क सहसा चित्रकाराकडेच राहतो. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. गंजाडचे प्रसिद्ध चित्रकार जिव्या सोमा मशे 2018मध्ये वारले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2078च्या अखेरपर्यंत चालेल. तोवर तुम्हीच आजी-आजोबा झालेले असाल!

पण वारली चित्रांतला, टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचा माणूस पहिल्यांदा कुणी काढला? डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सवासिनी पिढ्यान्‌पिढ्या तांदळाचं पीठ कालवून, बांबूच्या काडीने सारवलेल्या भिंतीवर लग्नचौक काढत आल्या. या शैलीला एकच मालक नाही, मग कॉपीराइट कुणाला देणार? म्हणून 2014मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे ‘वारली’ हे नाव भलत्याच मालावर चिकटवणाऱ्याला अडवता येतं. डहाणू-घोलवडच्या चिकूलाही 2016पासून असंच मानांकन आहे.

आता मोबाइल उघडा. ई-पुस्तक ‘विकत’ घेतलं, पण कागद कुठाय? इथे बहुतेक वेळा मिळते ती नुसती वाचायची परवानगी. पुस्तकाच्या फाइलमधली अक्षरं गणिताने अशी उलटीपालटी केलेली असतात, की किल्लीशिवाय एक शब्द लागत नाही. ही किल्ली कंपनीच्या संगणकाकडून येते. कंपनीने ती काढून घेतली, की पुस्तक बंद!

खरंच घडलंय हे. 2009मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं वाचकांच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रातून परस्पर पुसून टाकली. ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणे. 2019मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली ती गेलीच.

मग हे गणिताचं कुलूप फोडायचं का? 2012पासून भारतात हक्क बुडवण्यासाठी असं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते उघडलं, तर तो गुन्हा नाही. दृष्टिहीन मुलांना वाचता यावं म्हणून पुस्तकाची ब्रेल किंवा ध्वनी प्रत करायलाही त्याच वर्षी मोकळीक मिळाली.

करून पाहा : घरातलं एक छापील पुस्तक मैत्रिणीला वाचायला द्या. मग मोठ्यांना सोबत घेऊन, विकत घेतलेलं ई-पुस्तक तिच्या मोबाइलवर देता येतं का ते तपासा. नाही जमलं, तर ॲपच्या अटी उघडा आणि तुम्ही पुस्तक घेतलंय की परवानगी, ते शोधून काढा.