वेरूळची तहकिकात

दिवसभर कचेरीत कारकुनी करणारा, मुंगी चिरडली तरी हळहळणारा पापभीरू गृहस्थ रात्री जेवण आटोपून अंथरुणावर पडतो आणि खुनाने आरंभ होणारे पुस्तक अत्यंत समाधानाने उघडतो, यात मला कधीच विसंगती वाटलेली नाही. पहिल्या प्रकरणातील प्रेत त्याच्या लेखी एका दीर्घ तहकिकातीतील केवळ पहिला दस्तऐवज असतो; त्यावर दुःख करण्याची अपेक्षा लेखकही ठेवीत नाही, आणि तसे दुःख खरोखरच वाटू लागले तर ती कथा शोकांतिकेच्या प्रांतात गेली असे समजावे.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला या सुखासाठी इंग्लंडातील एखाद्या जमीनदाराच्या वाड्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. सत्यजित राय यांच्या १९७३ सालच्या ‘कैलासे केलेंकारी’ या बंगाली कादंबरीत, भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरून फोडून नेलेल्या यक्षीच्या मस्तकाचा माग काढीत गुप्तहेर फेलुदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि त्यांचे स्नेही लालमोहन गांगुली हे त्रिकूट या शहरात, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेत, येऊन दाखल होते, आणि पुढे वेरूळला एक मनुष्य मृतावस्थेत आढळतो. तो कोण आणि त्याच्या मृत्यूस कोण जबाबदार, हे मी सांगणार नाही. रहस्यकथेविषयी लिहिणाराने एवढा शिरस्ता पाळलाच पाहिजे. अशोक जैन यांनी फेलुदाच्या कथा मराठीत आणल्या आहेत, तेव्हा जिज्ञासूंनी शहानिशा स्वतःच करावी.

रायांनी घटनास्थळ निवडले तेही मोठे मार्मिक. राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या काळातील, म्हणजे आठव्या शतकातील, मानले जाणारे कैलास लेणे कारागिरांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत आणले. शिखर आधी घडले, पायथा मागाहून मोकळा झाला, आणि पाहणारा मात्र पायथ्याशी उभा राहून दृष्टी वर नेतो. रहस्यकथेची घडणही अशीच आहे. खुनी कोण, त्याचा हेतू कोणता, खोटी जबानी कोणी व का दिली, हे सारे निश्चित झाल्यावाचून लेखकाला पहिले वाक्य नीट लिहिता येत नाही. तो शेवटाकडून आरंभाकडे उतरतो, आणि वाचक आरंभाकडून शेवटाकडे चढतो. म्हणूनच उत्तम रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचताना निराळेच सुख मिळते. पहिल्या वेळी ज्या वाक्याकडे आपण गृहवर्णन म्हणून दुर्लक्ष केले, त्या वाक्यातच मुद्देमाल राजरोस मांडून ठेवला होता, हे ध्यानात येताच आपण ओशाळतो आणि लेखकाला मनोमन मुजरा करतो.

अर्थात हा पराभव न्यायाने झालेला असावा, अशी वाचकाची अट असते. फेलुदाला सापडलेला पुरावा वाचकासमोरही हजर केला पाहिजे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकाने, जो स्वतःही रहस्यकथा लिहीत असे, या व्यवहाराचे दहा नियमच घालून दिले: गुन्हेगाराचा उल्लेख कथेत आरंभीच यावा, दैवी शक्तीला तपासात थारा नसावा, गुप्त भुयार एकाहून अधिक नसावे, इत्यादी. ॲगाथा ख्रिस्तीबाईंच्या रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाविषयीच्या १९२६ सालच्या कादंबरीवर अन्यायाची फिर्याद झाली, ती याच न्यायासनापुढे. ती फेटाळून लावावी, असे माझे मत आहे. बाईंनी एकही पुरावा दडविलेला नाही.

आपल्याकडे हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळा पहाड अशा नायकांच्या बळावर कित्येकांना वाचनाची गोडी लावली. त्यांचे ऋण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की तो आनंद वेषांतराचा, पाठलागाचा आणि साहसाचा होता. पुराव्याची छाननी करीत बसण्याची उसंत त्या कथा वाचकाला देत नसत. रायांच्या लालमोहनबाबूंना पाहिले की ही जातकुळी ओळखीची वाटते, कारण तेही ‘जटायू’ या नावाने खपाऊ साहसकथा लिहितात आणि त्यांतील चुका फेलुदा बिनमुलाहिजा काढून दाखवितो. साहस आणि तर्क यांना एकाच प्रवासाला धाडून रायांनी दोघांचीही गंमत राखली आहे.

पुस्तक आधी वाचावे की वेरूळ आधी पाहावे, असे कोणी विचारल्यास मी लेण्यांच्या बाजूने कौल देईन. शहरापासून अवघ्या तीसेक किलोमीटरांवरची ती जागा, तिथले चढउतार आणि आडोसे नजरेत बसलेले असले की आपण फेलुदाशी बरोबरीच्या नात्याने पैज लावू शकतो, आणि कलकत्त्याच्या वाचकाला न मिळालेली ही सवलत आपण का सोडावी? फक्त मंगळवारी जाऊ नये. त्या दिवशी लेणी बंद असतात.