आवडतं, पण ‘आपल्यासाठी नाही’

मुलं विज्ञानाकडे वळत नाहीत, कारण त्यांना विज्ञानाची गोडीच लागत नाही, असं आपण धरून चालतो. मग विज्ञान प्रदर्शनं भरतात, ज्वालामुखीच्या प्रतिकृती धूर सोडतात, पाहुणे फीत कापतात. मला हे निदानच चुकीचं वाटतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लुईस आर्चर आणि सहकाऱ्यांनी २००९ पासून इंग्लंडमधल्या १० ते १४ वयाच्या मुलांचा अभ्यास केला. बहुतेकांना विज्ञानाचे तास आवडत होते, पण शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणणारी मुलं जेमतेम १५ टक्के होती. गोडी होती, आपल्यासारख्याने त्या वाटेला जावं असं मात्र वाटत नव्हतं. हा फरक पडतो बराचसा घरामुळे. नात्यात कुणी असं काम करतं का, जेवताना अशा गोष्टी निघतात का, विज्ञान शिकून नेमकी कुठे नोकरी लागते हे कुणाला ठाऊक आहे का? या शिदोरीला आर्चर ‘सायन्स कॅपिटल’ म्हणतात.

आपल्याकडचं चित्र याच्याशी जुळतं. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०१७ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना पुढे काय व्हायचंय ते विचारलं होतं. मुलगे सैन्य, पोलीस, इंजिनिअर म्हणाले. मुली शिक्षिका, नर्स. हव्या असलेल्या पेशात ज्याच्याकडे बघून शिकावं असा आदर्श ४० टक्के मुलांपुढे नव्हताच. फौजदार आणि बाई रोज दिसतात, मातीपरीक्षण करणारा रसायनतज्ज्ञ दिसत नाही. २०२३ च्या पाहणीत अकरावी किंवा पुढे शिकणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.३ टक्के विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत होते, मुलींपैकी २८.१ टक्के. ‘सायन्स झेपणार नाही’ हे वाक्य मुलींना किती लवकर ऐकवलं जातं, ते कुठल्याही पाहणीशिवाय आपल्याला माहीत आहे.

यावर कुणी म्हणेल, खरा प्रश्न गणिताचा आहे. गणित लागतंच. पण रॉबर्ट ताय आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकेतल्या पदवीधरांचा अभ्यास मांडला. आठवीत गणितात मध्यम असलेल्या, पण पुढे विज्ञानातच काम करू असं सांगणाऱ्या विद्यार्थ्याने भौतिक विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी घेण्याची शक्यता ३४ टक्के निघाली. गणितात हुशार, पण तशी अपेक्षा नसलेल्याची १९ टक्के. आता ही अपेक्षा घरातूनच आलेली असेल, असा आक्षेप घेता येतो. तो मला मान्य आहे; माझं म्हणणंही तेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इथे तर जेईई-नीटच्या क्लासांना रांगा लागतात, मग ओढ कमी कशी? त्या रांगा विज्ञानाच्या नाहीत, दोनच पदव्यांच्या आहेत. एका परीक्षेत मागे पडलं की विज्ञानच संपलं, असं मुलं आणि पालक दोघंही समजतात. पैशाचा आणि सोयीचा अडसर खराच. जवळपास विज्ञान शाखेचं कॉलेजच नसेल तर नुसत्या आदर्शाने काही होणार नाही. पण जिथे कॉलेज आहे तिथेही शाळेच्या भिंतीवर कलाम आणि नारळीकर लावून भागत नाही. इंग्लंडमधल्या त्याच अभ्यासात बहुसंख्य मुलं शास्त्रज्ञांना अतिहुशार मानत होती आणि नेमकं तेच त्यांना दूर ठेवत होतं. नववीच्या वर्गात थोर माणसाच्या तसबिरीपेक्षा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करणारी, त्याच तालुक्यातून शिकलेली बाई येऊन आपलं काम आणि पगार सांगेल, तर ते जास्त उपयोगी पडेल. पगार तर सांगायलाच हवा.