रक्त मोजणारी पिशवी आणि पस्तिशीची अट

या आठवड्यात आशा फॅसिलिटेटरच्या जागेबद्दल लिहीन, असं कबूल केलं होतं. पलीकडे महाराष्ट्रातल्या कागलात त्याच कामाला गटप्रवर्तक म्हणतात. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो, कारण मध्यंतरी निपाणी भागातल्या एका आशाताईंचं पत्र आलं. त्यात दोन प्रश्न आहेत. "तरबेती घेऊन घेऊन वह्या भरल्या, त्याचा आम्हाला उपयोग काय?" हा पहिला, म्हणजे ट्रेनिंगबद्दलचा. "माझी बारावी झालीय, वय अडतीस. सिस्टर होता येईल का?" हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर दोन ओळींचं आहे आणि कडू आहे, म्हणून ते शेवटी. पहिल्याचं उत्तर मात्र आपल्या बेळगाव जिल्ह्यातच घडलेलं आहे आणि ते इथल्याच लोकांना फारसं माहीत नाही.

बाळंतपणानंतर किती रक्त गेलं, हे आपल्याकडे पूर्वापार नजरेनंच ठरायचं. चादर किती भिजली, किती फडकी बदलली, सुईणीचा चेहरा कसा झाला. डॉक्टरसुद्धा अंदाजच करत. अर्धा लिटर म्हणजे ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की तो अतिरक्तस्राव, ही व्याख्या पुस्तकात होती. पण खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्याच्या रात्री कंदिलाच्या उजेडात अर्धा लिटर ओळखायचा कुणी आणि कसा?

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी मिळून यावर एक साधी वस्तू काढली. प्लॅस्टिकची एक चादर, खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. बाळ आणि गर्भजल बाहेर आलं की ही चादर बाळंतिणीच्या खाली सरकवायची, पट्टे कमरेला बांधायचे आणि तासभर तशीच ठेवायची. रक्त पिशवीत जमतं आणि आकडा दिसतो. तिचं नाव 'ब्रास-व्ही', बनवणाऱ्या सहकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं जोडून तयार झालेलं. नजरेचा अंदाज आणि पिशवीचा आकडा यांची तुलना केली, तेव्हा नजर सुमारे एकतृतीयांश कमी सांगते असं निघालं. म्हणजे "फार नाही गेलं" असं जिथे म्हटलं जात होतं, तिथे बरंच गेलेलं असायचं.

ही पिशवी पुढे ज्यांच्या हाती दिली, त्या हातांसाठी हा सगळा लेख आहे. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत एक चाचणी झाली. १६२० बाळंतिणींपैकी काहींना मिसोप्रोस्टॉल ही गोळी आणि काहींना तशीच दिसणारी औषधाविना गोळी दिली गेली. कुणाला कुठली, हे देणारीलाही माहीत नाही. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड जागी ठेवावं लागतं, ही गोळी तशीच राहते. जिथे वीज पाहुण्यासारखी येते तिथे हा फरक मोठा. बाळंतपणं केली, गोळ्या दिल्या, रक्त मोजलं आणि नोंदी ठेवल्या त्या २५ एएनएमनी, आपण ज्यांना सिस्टर म्हणतो त्यांनी. निकाल २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं होतं आणि एक लिटरच्या वरचा गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. दर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. थंडी वाजणं, ताप येणं हे त्रास व्हायचे, ते थोड्या वेळानं जायचे. (ही गोळी घरच्यांनी दुकानातून आणून द्यायची नाही. बाळ जन्मायच्या आधी चुकून दिली तर गर्भाशय फाटू शकतं.)

पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव रोखण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. जिथे घरीच बाळंतपणं होतात, तिथे एएनएम आणि आशांमार्फत ती आधीच पोचवावी, अशा मार्गदर्शक सूचना भारत सरकारनं २०१३ मध्ये काढल्या. पिशवीचा प्रवास आणखी लांबला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत खुणांची अशीच चादर आणि लगेच करायच्या उपचारांचा एकच ठरलेला क्रम वापरला गेला. तिथे गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोटाचं ऑपरेशन किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांपर्यंत उतरलं. हे २०२३ चं.

आता मुद्द्याचं. त्या काळी एएनएमचा कोर्स दहावीनंतर दीड वर्षाचा होता. एवढ्या शिक्षणावर या बायकांनी जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केलेली नोंद ठेवली, कारण त्यांच्या हाती मोजायचं साधन होतं आणि ते कसं वापरायचं हे नीट शिकवलं होतं. आशांच्या ट्रेनिंगमधलाही सगळ्यात कसदार भाग असाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या बायकांना नवजात बाळाचं वजन, तापमान आणि श्वास मोजायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हा निकाल १९९९ चा. आज आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, ते याच कामाचं देशभर पसरलेलं रूप. 'उपयोग काय' या प्रश्नाचं माझं उत्तर हे: ज्या ट्रेनिंगमधून हातात मोजमाप येतं, ते तुमचं भांडवल. ज्यातून फक्त सह्या आणि चहा-बिस्किटं येतात, त्याबद्दलची तक्रार योग्यच आहे.

सगळं गोडच झालं असंही नाही. याच बेळगाव आणि शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात पुढे आशा आणि एएनएमच्या हाती रक्तदाबाचं यंत्र आणि टॅब्लेट देऊन गरोदरपणातला रक्तदाब वेळेत पकडण्याचा मोठा प्रयोग झाला. मोजण्याचं काम त्यांनी केलं, पण माता आणि बाळांच्या एकूण निकालात फरक दिसला नाही. मला वाटतं, मोजणारी तयार असून भागत नाही. पुढे तिनं पाठवलेल्या बाईला घेणारी गाडी आणि दवाखाना तेवढाच तयार लागतो.

आता दुसरा प्रश्न. आशा निवडताना वय २५ ते ४५ धरलं जातं. एएनएमच्या प्रवेशाला मात्र भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमानुसार बारावी लागते आणि वय ३५ च्या आत. म्हणजे पत्रलेखिका ताईंना नेहमीच्या वाटेनं आता सिस्टर होता येणार नाही. गंमत अशी की त्याच परिषदेच्या नियमात पुढच्या पायरीला, म्हणजे जीएनएमला, आधीच एएनएम असलेल्यांना वयाची अट नाही. ज्या बाईला कामाचा अनुभव आहे तिला वय आड येऊ द्यायचं नाही, हा त्यामागचा विचार असणार. तो बरोबरच आहे. मग दहा-पंधरा वर्षं गावात बाळंतिणींच्या दारी जाणाऱ्या आशाला तो का लागू होत नाही? जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कवर राज्यातल्या आशा मानधनासाठी थंडीत बसल्या होत्या. तेव्हा मुख्यमंत्र्यांनी दरमहा किमान १० हजारांचं आश्वासन दिलं. मानधनाची मागणी रास्तच होती. पण वयाच्या अटीतून आशांना सूट द्या, ही मागणीसुद्धा संघटनांनी तेवढ्याच जोरात लावून धरायला हवी. तिला सरकारी तिजोरीतला पैसाही फारसा लागत नाही.

पस्तिशीच्या आत असलेल्या आशाताईंनी मात्र थांबू नये. बारावी आर्ट्सची असली तरी एएनएमला चालते. कोर्स दोन वर्षांचा आहे. पुढे जीएनएम झालं, की आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या कम्युनिटी हेल्थ ऑफिसरच्या जागेपर्यंत वाट जाते. दहावीवर अडलेल्या असाल, तर यंदाच बारावीला बाहेरून बसा आणि जन्मतारखेचा दाखला व गुणपत्रिका एका फायलीत लावून ठेवा. वय अडतीस असलेल्यांसाठी उरते ती फॅसिलिटेटरची जागा. तिच्याबद्दल पुढच्या आठवड्यात, आणि या वेळी नक्की.