पांदण, पाखाडी आणि कालव्याचा काठ

भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज देऊन आणि शुल्क भरून मिळवलेला मौजा बेसा येथील गाव-नकाशा सध्या माझ्या टेबलावर पसरलेला आहे. आणि खसरा क्रमांकांच्या चौकटींमधून तुटक रेषांच्या जोडीने दाखवलेल्या ज्या वाटा त्यावर वळणे घेत शिवेपर्यंत जातात, त्यांच्याकडे पाहताना मला राहून राहून फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा ब्रिटनी प्रांत आठवतो. आमच्या भागात या वाटांना पांदण म्हणतात. दोन्ही बाजूंना बाभळी-बोरींचे कुंपण, मध्ये काळ्या मातीत रुतलेल्या बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, आणि मृगानंतर चार महिने गुडघाभर चिखल, असे तिचे रूप. नागपूरच्या दक्षिणेचे हे गाव आता बेसा-पिपळा नगरपंचायतीत गेले, शेतांचे ले-आउट झाले, आणि बहुतेक पांदणी नकाशावरच उरल्या.

ब्रिटनीत मी तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात गेलो, तो सायकलीवरून सावकाश हिंडावे एवढ्याच हेतूने. पल्ला आणि वेग यांचा पराक्रम हा निराळा मार्ग आहे; आमच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका खंड आडवा ओलांडणारी, सुमारे ४,९०० किलोमीटरांची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पुरी केली, तेव्हा या शहराला जो अभिमान वाटला तो रास्तच होता. परंतु फ्रेंच भाषेत सायकल-पर्यटनाला एक स्वतंत्र शब्द आहे, आणि त्या वृत्तीचे आद्य पुरस्कर्ते पॉल द व्हिव्ही यांनी सेंत-एतिएन येथून १८८७ साली याच विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले होते. त्या परंपरेत पोहोचण्यापेक्षा वाटेला महत्त्व अधिक.

ती वाट म्हणजे नांत ते ब्रेस्त हा सुमारे ३६० किलोमीटरांचा कालवा. इंग्रजांच्या आरमाराने ब्रेस्तच्या लष्करी बंदराची समुद्रमार्गे कोंडी केली असता रसद आतून पोहोचावी, म्हणून नेपोलियनच्या अमदानीत १८११ साली त्याचे काम सुरू झाले. ग्लोमेलची खोल खिंड लष्करी कैद्यांकडून खोदवून घेण्यात आली. आणि १८४२ मध्ये तो पुरा होईतो युद्ध केव्हाच संपले होते. पुढे आगगाडीने त्याचा व्यापार हिरावला आणि १९२०च्या दशकात गेर्लेदाँच्या धरणाने त्याचे दोन तुकडे केले. अशा रीतीने तीन वेळा निरुपयोगी ठरलेल्या या जलमार्गाचा काठ मात्र, जेथून घोडे दोरखंडाने पडाव ओढीत असत, तो मोडीत निघाला नाही. दोनशेहून अधिक जलपाश, प्रत्येकाशेजारी राखणदाराचे टुमदार दगडी घर, घरावर क्रमांक आणि पुढच्या जलपाशाचे अंतर लिहिलेली पाटी. जोसलँला आल्यावर उस्त नदीच्या पाण्यातून सरळ वर उठलेले रोआँ घराण्याच्या गढीचे तीन बुरूज. आणि दिवसभरात मोटारीचा आवाज नाही. दुपारी एका खेड्यात कुट्टूच्या पिठाचे पातळ, कडेला कुरकुरीत झालेले जे पान वाढले गेले, ते आमच्या धिरड्याचे आणि कोकणातल्या घावनाचे सख्खे भावंड म्हणावे असे होते.

आज या काठाचा मोठा भाग अटलांटिक किनाऱ्याने रोस्कॉफपासून स्पेनच्या सरहद्दीवरील आँदाईपर्यंत जाणाऱ्या, बाराशेहून अधिक किलोमीटरांच्या सायकल-मार्गात सामील झाला आहे. मोर्लेहून कारेपर्यंत तोच मार्ग बंद पडलेल्या लोहमार्गाच्या भरावावरून येतो, आणि आगगाडीची वाट असल्यामुळे तिला चढ असा जाणवत नाही. (मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या आमच्या शकुंतलेचे रूळ पाहिले की मन खंतावते, तिची गाडी पुन्हा सुरू व्हावी ही वऱ्हाडातील लोकांची मागणी पूर्ण न्याय्य आहे, आणि म्हणूनच तिच्या भरावाची जमीन कोणाच्या घशात न जाता अखंड राहणे अगत्याचे आहे.)

कालव्यापासून दूर, समुद्राच्या बाजूला वळले की खेड्याखेड्यांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते लागतात, कडेला पिवळ्या डोक्याचे मैलदगड असतात, आणि मागून येणारी मोटार गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडूनच पुढे जाते, कारण तसा कायदा आहे. ही शांतता त्या मुलखाला निसर्गाने बहाल केली असेल, असे मी प्रथम समजत होतो. ग्रंथालयात बसून पाहिले तेव्हा ध्यानात आले, की २१ मे १८३६ च्या कायद्याने फ्रान्समधील प्रत्येक गावावर आपल्या ग्रामरस्त्यांची निगा राखण्याची सक्ती केली होती. गावातील धडधाकट पुरुषाने वर्षाकाठी तीन दिवसांपर्यंतचे श्रम, गाडी व जनावरे असल्यास त्यांच्यासह, रस्त्याला द्यावेत किंवा त्यांचा मोबदला रोख भरावा, अशी तजवीज होती. राज्यक्रांतीने रद्द केलेली वेठ मागल्या दाराने परत आली, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला, आणि गोरगरिबांच्या दृष्टीने तो खोटाही नव्हता. तथापि मी ज्या रस्त्याने निश्चिंतपणे गेलो, त्याखाली त्या तीन-तीन दिवसांचे थर आहेत. पुढे २० जून १९३६ रोजी, शंभर वर्षांनी, कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला, आणि त्या उन्हाळ्यात गिरण्या-कारखान्यांतील हजारो जोडपी दोघांच्या सायकलीवर तंबू बांधून आयुष्यात प्रथमच समुद्र पाहण्यास निघाली. रस्ता आणि रजा, दोन्ही कायद्याने दिली होती.

आमच्या महाराष्ट्रात या प्रवासाला तोडीस तोड मुलूख एकच, तो कोकणचा. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी मार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांची. त्याची लांबी सुमारे ५०० किलोमीटर आणि तो अनेक दशके अपुरा राहिला, तो मुख्यतः खाड्यांमुळे. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड या पाच ठिकाणी पाणी आडवे येते, रस्ता धक्क्यावर संपतो, आणि उतारू, दुचाक्या, मोटारी, माशांच्या पाट्या या सर्वांसह फेरीबोटीची वाट पाहत थांबावे लागते. सायकलीवरून जाणाऱ्याला हे थांबणे म्हणजे प्रसाद वाटतो. दिघीला उतरून दिवेआगर, तेथून आरावी-शेखाडीच्या बाजूने अगदी लाटांच्या कडेने श्रीवर्धन. हरिहरेश्वराहून बागमांडला, सावित्रीचे मुख ओलांडून वेसवी. मग केळशी, आंजर्ले, हर्णैचा मासळीबाजार. दाभोळहून वाशिष्ठी पार करून धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ. शास्त्री नदीपलीकडे जयगड आणि केशवसुतांचे मालगुंड. प्रत्येक खाडीला उतरायचे आणि पलीकडे जांभ्याच्या सड्यावर पुन्हा चढायचे, हा क्रम मांड्यांना कठीण जातो. पण चढाच्या माथ्यावर गडग्याला सायकल टेकवून उभे राहिले की पोफळीच्या बागांमधून खाली उतरणाऱ्या पाखाड्या दिसतात. त्या पायऱ्या कोणी एकाने बांधलेल्या नाहीत. वाडीने बांधल्या आणि वाडीच दर पावसाळ्यानंतर निसटलेले चिरे बसवते.

आता राज्य रस्ते विकास महामंडळाने या खाड्यांवरील पुलांची कामे हाती घेतली आहेत. मध्यरात्री बाळंतिणीला घेऊन निघालेल्या माणसाला शेवटची फेरीबोट सुटलेली असणे काय असते, हे ज्याला ठाऊक आहे तो पुलाला विरोध करणार नाही, आणि मीही करीत नाही. माझे म्हणणे इतकेच, की वेगाची वाहतूक पुलावर गेल्यावर जुना किनाऱ्यालगतचा अरुंद रस्ता रुंदीकरणाच्या आराखड्यात घेऊ नये. तो ग्रामरस्ता म्हणून दप्तरी नोंदवावा, आणि धक्क्यांवरील लहान फेरीबोटी उतारूंसाठी व सायकलींसाठी चालू ठेवाव्यात. ब्रिटनीचा कालवा मोडीत निघाला तेव्हा त्याचा काठ ज्या कारणाने वाचला, त्याच कारणाने हा रस्ता वाचेल: कागदावर तो कोणाच्या तरी जबाबदारीचा असेल म्हणून.

कायदा आमच्याकडे नाही असे नाही. शेताच्या हद्दीवरून वाट देण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ अन्वये तहसीलदारास आहे; आणि वहिवाटीची वाट कोणी अडवल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली ती मोकळी करून मागता येते, फक्त अडथळा उत्पन्न झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. गेल्या रविवारी पहाटे, नकाशाची घडी खिशात घालून, मी पिपळ्याच्या बाजूची एक पांदण धरली. कडुनिंबाच्या दोन जुन्या झाडांपर्यंत ती नकाशाबरहुकूम गेली. पुढे एका नव्या ले-आउटची भिंत होती, आणि भिंतीच्या पलीकडे ज्याची तूर उभी आहे तो शेतकरी बैल घेऊन दीड कोसांचा वळसा घालीत होता. भिंत यंदाच्या श्रावणात उभी राहिली, असे त्याने सांगितले. म्हणजे माघापर्यंत मुदत आहे. त्याच्या दाव्याचा मसुदा मी त्याच दिवशी लिहून दिला, आणि सोबत जोडायच्या नकाशाच्या प्रतीवर ती तुटक जोडरेषा लाल शाईने, शिवेपर्यंत, गिरवून ठेवली आहे.