सायकलचे हेल्मेट मोटारसायकलवर चालते का?

पुण्याहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने तळेगाव, वडगाव, कामशेत मागे टाकत लोणावळा गाठणारे सायकलस्वार पुष्कळ आहेत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढण्यात अव्वल ठरणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. असा मुरलेला सायकलस्वार मोटारसायकल घेतो तेव्हा तोल, वळणावरची नजर आणि खड्डा लांबून हेरण्याची सवय त्याला शिकावी लागत नाही. मात्र याच आत्मविश्वासाबरोबर सायकलचे हेल्मेट, बोटे उघडी असलेले हातमोजे आणि पातळ जर्सी हीसुद्धा नव्या गाडीवर येतात. बहुतेक गैरसमजांचे मूळ इथे आहे.

पहिला समज असा की हेल्मेट ते हेल्मेट. दोन्हींच्या आत थर्माकोलसारखा थर असतो हे खरे. पण तो किती जोराचा आघात सोसण्यासाठी बनवला आहे, हे वेगळे असते. सायकल हेल्मेटच्या ‘ईएन 1078’ या युरोपीय मानकात सपाट पृष्ठभागावरील चाचणी साधारण दीड मीटर उंचीवरून पडण्याइतकी, म्हणजे ताशी 19-20 किलोमीटरच्या धडकेची असते. मोटारसायकल हेल्मेटच्या ‘ईसीई 22.06’ या मानकात सर्वांत जोराची धडक सेकंदाला 8.2 मीटर, म्हणजे ताशी सुमारे साडेएकोणतीस किलोमीटर वेगाची असते. वेगातला फरक दीडपटच दिसतो. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून प्रत्यक्ष आघात सव्वादोन पटींहून जास्त होतो. शिवाय 22.06 मध्ये तिरकस आघाताचीही चाचणी आहे, कारण डोके रस्त्यावर आपटताना बहुधा फिरतही असते.

यावर एक रास्त शंका निघते. घाट उतरताना सायकलही पन्नास-साठच्या वेगाला जाते, मग फरक कसला? चाचणीतला आकडा गाडीचा वेग नसून डोके एखाद्या पृष्ठभागावर आदळण्याचा वेग आहे, हे इथे लक्षात घ्यावे. साठच्या वेगात घसरलेल्या माणसाचे डोके साठने जमिनीवर आदळतेच असे नाही. कठडा, ट्रकचा मागचा भाग किंवा डोंगराची कड मध्ये आली, तर मात्र आडवा वेगही आघातात उतरतो. उतारावरची सायकल त्या वेळी आपल्या हेल्मेटच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. सायकलवर हा प्रसंग काही मिनिटांचा. मोटारसायकलवर तो सगळ्या प्रवासाचा.

कायद्याच्या दृष्टीने तर प्रश्नच उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे चालक आणि मागे बसणारा, चार वर्षांवरील दोघांनाही ठरलेल्या मानकाचे हेल्मेट सक्तीचे आहे. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना तेवढी सूट आहे. भारतातले ते मानक म्हणजे ‘आयएस 4151’. 1 जून 2021 पासून या मानकाची आयएसआय खूण नसलेले दुचाकी हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. त्यामुळे सायकलचे हेल्मेट घातलेला मोटारसायकलस्वार कायद्याच्या लेखी विनाहेल्मेटच. कायद्यात त्यासाठी एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. अपवाद फक्त लहान मुलांचा. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला ठरावीक मानकाचे सायकल हेल्मेट चालते. पण त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा लागतो आणि गाडी चाळीसच्या वर नेता येत नाही.

तळेगाव-चाकण औद्योगिक पट्ट्यात कारखान्यातले पिवळे हेल्मेट तसेच डोक्यावर ठेवून घरी निघणे हा आणखी एक प्रकार. ते ‘आयएस 2925’ या वेगळ्या मानकाचे असते आणि वरून पडणाऱ्या वस्तूपासून वाचवण्यासाठी बनवलेले असते. बाजूने बसणाऱ्या माराशी त्याचा संबंध नाही, आणि आपटल्यावर ते डोक्यावर टिकेल याची खात्री नाही. रस्त्याकडेला मांडलेल्या हेल्मेटांवरची आयएसआय खूण नुसती पाहून भागत नाही. अस्सल खुणेच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. दुकानात उभ्याउभ्या करता येण्याजोगे हे काम फार थोडे जण करतात.

पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमुळे ऐकू येत नाही आणि बाजूचे दिसत नाही, ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातल्या नऊशेहून अधिक अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या त्या हर्ट अहवालाला या तक्रारीत तथ्य आढळले नाही. उलट अर्धे हेल्मेट जबडा आणि हनुवटी उघडी ठेवते, आणि तोंडावर पडणाऱ्या माणसाचा तोच भाग आधी टेकतो. हेल्मेटचा एकूण उपयोग किती, यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2008 मध्ये निघाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी घटतो. मापात न बसणाऱ्या हेल्मेटला हे आकडे लागू नाहीत. पट्टा लावून हेल्मेट हाताने फिरवले, तर गालाची कातडी त्याबरोबर ओढली गेली पाहिजे. मागून वर ढकलल्यावर ते निघत असेल, तर एक माप लहान घ्यावे.

जॅकेटच्या बाबतीत जाड म्हणजे सुरक्षित असे मानले जाते. साधी जीन्स हाताला जाड लागते, पण डांबरावर घासली की जवळजवळ लगेच फाटते. कापडाचा घसाऱ्याला टिकाव ‘ईएन 17092’ या मानकाच्या एएए, एए, ए अशा श्रेण्यांवरून कळतो. कोपर, खांदा आणि गुडघ्यांच्या गाद्यांसाठी ‘ईएन 1621-1’ आहे. त्यात पहिल्या पातळीची गादी सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत बल शरीरात जाऊ देते, दुसऱ्या पातळीची 20 पर्यंत. पाठीसाठी हेच आकडे 18 आणि 9 आहेत. मात्र अनेक जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता स्पंजचा तुकडा घालून दिलेला असतो. तो काढून पाहावा. त्यावर मानकाचा छाप नसेल, तर खरी गादी वेगळी घ्यावी लागते. उन्हाळ्यात जॅकेट सोसवत नाही ही सबब जाळीदार जॅकेट निघाल्यापासून फारशी उरलेली नाही.

लोणावळ्यात मात्र जाळीची कसोटी पावसात लागते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात जाळीदार जॅकेटच्या आतले पावसाळी अस्तर अंग कोरडे ठेवते. पण बाहेरचे कापड भिजून जड होते आणि वाऱ्याने हुडहुडी भरते. त्यापेक्षा जॅकेटवरून घालायचा दोन भागांचा रेनसूट बरा, तोही भडक रंगाचा. सायकलवर चालून जाणारा पोंचो इथे धोक्याचा, कारण तो वाऱ्याने फुगतो आणि चाकात किंवा साखळीत अडकू शकतो. खंडाळ्याच्या धुक्यात हेल्मेटची गडद काच निरुपयोगी ठरते. पारदर्शक काच आणि आतून वाफ न धरणारी पिनलॉकची पट्टी हाच त्यावरचा इलाज आहे. भातलावणीच्या दिवसांत पवनानगरकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर खाचरातला चिखल येतो. तिथे घसरणाऱ्याचे तळहात आधी टेकतात, म्हणून हातमोजे पूर्ण बोटांचे, मनगटाला घट्ट पट्टा असलेले हवेत. पायात गमबूट असले की पाय कोरडे राहतात, पण सैल गमबूट पडताना निसटतो. सायकलच्या बुटांची धातूची क्लीट तर ओल्या फूटरेस्टवर घसरते. घोटा झाकणारा, नाडी आत खोचलेला बूट त्या मानाने बरा.

हे सारे लांबच्या सहलीसाठी, गावातल्या गावात कशाला, असाही एक समज आहे. हर्ट अहवालातले बहुतेक अपघात थोड्या अंतराच्या फेऱ्यांतले, निघालेल्या ठिकाणाजवळचेच होते. दुसऱ्या टोकाला, मोठ्या इंजिनाची बाइक मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालते असे काहींना वाटते. तिथे दुचाकींना बंदी आहे, मग इंजिन कितीही सीसीचे असो.

खर्चाचा हात आखडता असेल, तर आधी हेल्मेट, मग हातमोजे आणि बूट, त्यानंतर जॅकेट, असा क्रम ठेवता येतो. महागडे हेल्मेट जास्त मार सोसते असे नाही. किंमत बरेचदा वजन, हवा खेळण्याची सोय आणि रंगकाम यांची असते. वापरलेले जॅकेट शिवण आणि गाद्या तपासून घ्यायला हरकत नाही. वापरलेले हेल्मेट मात्र घेऊ नये. आतला थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, आणि तो दबला आहे की नाही हे बाहेरच्या कवचावरून दिसत नाही.