खानदेशातील नागरी वृक्षाच्छादनाचे मापन

जळगाव व धुळे या शहरांतील झाडे घटत आहेत की वाढत आहेत, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु उत्तर आपण काय मोजतो यावर अवलंबून आहे. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमान्वये नागरी क्षेत्रांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावयाची असते. तीत संख्या हाती येते. मात्र परवा लावलेले रोप आणि साठ वर्षांचा निंब हे दोन्ही एकेकच धरले जातात.

येथे उपग्रहचित्रांचे साहाय्य होते. सजीव पान तांबडा प्रकाश शोषते व समीप-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोन परावर्तनांच्या फरकास त्यांच्या बेरजेने भागले म्हणजे वनस्पती-निर्देशांक मिळतो. लँडसॅटच्या चित्रांतील चौकोन १९८२ पासून ३० मीटरचा आहे. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ चा १० मीटरचा. आठ मीटर व्यासाचा निंब यांपैकी दुसऱ्याचा निम्मा भाग व्यापतो, पहिल्याचा जेमतेम अठरावा. रस्त्याकडेचे एकटे झाड जुन्या चित्रांत हरवते ते यामुळेच.

खानदेशात खरी अडचण ऋतूची आहे. पावसाळा सरताना पडीक भूखंडही तणाने हिरवे दिसतात. फेब्रुवारी-मार्चात निंबाची पानगळ होते. एका वर्षीचा ऑक्टोबर दुसऱ्या वर्षीच्या मार्चशी ताडून पाहिल्यास न झालेली वृक्षतोडही सिद्ध करता येईल! गवत वाळलेले आणि निंब अद्याप पानांत, असा जानेवारी महिना आम्हांस त्यातल्या त्यात सोयीचा वाटतो. तरीही जळगावच्या सीमेवरील केळीच्या बागा (केळ हा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या वृक्षच नव्हे) आणि नदीनाल्यांच्या काठी माजणारी वेडी बाभूळ निर्देशांकात मिसळतातच. बागेच्या जागी वसाहत झाली की एकही वृक्ष न तुटता नकाशा करडा होतो.

हा वाद केवळ तंत्राचा नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरील वृक्ष वारसावृक्ष ठरतो आणि तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. साठ वर्षांचा निंब गेला व साठ रोपे लागली, तर गणनेत एकोणसाठांची भर पडते. त्या रस्त्यावरील सावली मात्र त्याच दिवशी नाहीशी झालेली असते. म्हणून उपग्रहचित्रासोबत ठरावीक रस्त्यांवर प्रत्यक्ष जाऊन प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरील घेर आणि परस्परांस काटकोनांत घेतलेले पर्णसंभाराचे दोन व्यास नोंदवावे लागतात, आणि पुढील गणनेच्या वेळी त्याच झाडांकडे परतावे लागते.